बोरघाटातलं पांढरं सोनं

पुण्याला जाणारी गाडी कर्जतला थांबते, मागे जादा इंजिनं लागतात आणि डब्यातले मोबाइल खिडकीशी सरसावतात. पुढे बोगद्यामागून बोगदे, खोल दरी, पावसाळ्यात धबधबे. २०२१पासून डेक्कन एक्स्प्रेसला मोठ्या काचांचा व्हिस्टाडोम डबाही जोडलेला आहे. बोरघाट आता ‘बघायची’ गोष्ट झाला आहे.

जगात अशा गाड्या आणखीही आहेत. अलास्कातल्या स्कॅगवे बंदरात क्रूझ लागते, प्रवासी उतरतात आणि छोट्या डोंगरी रेल्वेत बसून घाट चढतात. ही रेल्वे बांधली गेली ती क्लोंडाइकच्या सोन्यामागे धावत सुटलेल्यांसाठी, १८९८ ते १९०० या काळात. ती पुरी झाली तोवर सोन्याची लाट ओसरत आली होती. आज त्या रेल्वेला पर्यटक जगवतात.

बोट, घाट, रेल्वे आणि सोन्याची हाव, अशी एक गोष्ट आपल्या रायगडातही घडली. फक्त इथलं सोनं पांढरं होतं.

रेल्वे येण्याआधी मुंबईहून पुण्याला जायचं तर प्रवासाची सुरुवात समुद्रातून व्हायची. भरती साधून होडीनं पनवेलच्या खाडीत शिरायचं, बंदरात उतरायचं आणि तिथून बैलगाडी, घोडा किंवा पालखी करून खोपोलीमार्गे घाट चढायचा. १८३०मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात घाटात गाडीरस्ता खुला झाला. त्याआधी बराचसा माल बैलांच्या पाठीवरूनच चढायचा-उतरायचा. पनवेल या वर्दळीवर जगत होतं. तिथे बैलगाडीची चाकं बनत, गाडीवानांना भाडं मिळे, व्यापाऱ्यांची गोदामं भरलेली असत.

१८५३मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. १८५६मध्ये रूळ घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीला पोचले. १८५८मध्ये वर खंडाळा ते पुणे गाडी धावू लागली. मधला घाट तेवढा राहिला होता. खाली गाडीतून उतरायचं, पालखीत किंवा तट्टावर बसून वर जायचं आणि पुन्हा गाडीत बसायचं.

हा तुकडा जोडायला सात वर्षं लागली. पंचवीसेक किलोमीटरांत १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, ८ मोठे पूल. एके ठिकाणी तर चढ इतका अवघड होता की गाडी पुढे नेऊन थांबवायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट दिशेनं पुढचा चढ चढायचा, अशी सोय करावी लागली.

१८६१च्या सुरुवातीला इथे ४२ हजारांहून जास्त माणसं राबत होती. कातळात सुरुंग, कड्यावर दोरानं लोंबकळत काम, गढूळ पाणी, ताप आणि पटकी. हजारो माणसं मेली. मजुरी थकली म्हणून जानेवारी १८५९मध्ये मजुरांनी दंगा केला. पहिला ठेकेदार फॅविएल त्याच वर्षी काम सोडून गेला. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, इथे आल्यावर काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको अॅलिस हिनं ठेका सोडला नाही. दोन इंजिनिअरांच्या हाती कारभार देऊन तिनं काम तडीस नेलं. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्गाचं उद्घाटन झालं.

मुहूर्त मात्र भलताच साधला होता. १८६१पासून अमेरिकेत यादवी चालू होती. तिथला कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळवलं. भाव कैक पटींनी चढले. सोलापूरकडून येणारा कापूस आता घाटात न उतरवता थेट मुंबईच्या गोदीपर्यंत जाऊ लागला. मुंबईत पैशाचा पूर आला. रोज नवी बँक, नवी कंपनी निघे. समुद्रात भराव घालून जमीन तयार करणाऱ्या ‘बॅक बे’ कंपनीच्या शेअरसाठी लोकांची झुंबड उडाली. एप्रिल १८६५मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपत आलं, कापूस गडगडला आणि १ जुलैला, वायदे चुकते करायच्या दिवशी, मुंबईच्या पेढ्या कोसळल्या.

सोनं गेलं, रूळ राहिले. त्या तेजीचा राजा प्रेमचंद रायचंद बुडाला, पण त्यानं दिलेल्या देणगीतून त्याच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. ठेकेदारांची नावं इतिहासात आली. घाटात मेलेल्या मजुरांची नावं तुम्हा-आम्हाला माहीत नाहीत. लोकांनी एक नाव मात्र जपलं आहे: शिंग्रोबा. साहेबांना घाटातली वाट याच धनगरानं दाखवली आणि बक्षीस म्हणून गोळी खाल्ली, अशी दंतकथा आहे. जुन्या रस्त्यावरच्या त्याच्या देवळापाशी गाडीवाले आजही नाणं टाकतात. सरकारी दप्तरात जे नाही, त्याची लोकांनी अशी भरपाई केली.

आणि पनवेल? घाटात रेल्वे झाल्यावर पुण्याचा प्रवासी खाडीकडे फिरकेनासा झाला, बंदराचं महत्त्व ओसरत गेलं. आता तिथे फासा उलटा पडला आहे. ज्या पाण्यातून होड्या यायच्या, त्यावर २०२४मध्ये अटल सेतू झाला. शेजारी नवी मुंबईचा विमानतळ आला. आसपासच्या जमिनीला, आपण म्हणतो तसा, सोन्याचा भाव आहे. या खेपेला दगड कोण फोडतंय, कुठे राहतंय, त्याची मजुरी वेळेवर मिळते का, हे विचारायला दीडशे वर्षं थांबायची गरज नाही. ती माणसं अजून कामावर आहेत.