सेट

इंग्रजीतील क्रियापद, नाम आणि विशेषण. ‘ऑक्सफर्ड इंग्रजी कोशा’च्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत या क्रियापदाची नोंद सुमारे ६० हजार शब्दांची आहे आणि तिच्यात ४३० अर्थ दिले आहेत. पुढे या कोशाचे नवे संपादन सुरू झाल्यावर ‘रन’ हे क्रियापद ६४५ अर्थांसह त्याच्यापुढे गेले.

व्युत्पत्ती : ‘सिट’ म्हणजे बसणे, ‘सेट’ हे त्याचे प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. (‘सिट’चे नाते संस्कृत ‘सद्’ धातूशी आहे, सदन, संसद हे शब्द त्याच धातूचे.) समूहवाचक ‘सेट’चे मूळ मात्र निराळे. लॅटिन ‘सेक्ता’ म्हणजे पंथ, अनुयायी. त्यावरून आलेला जुना फ्रेंच शब्द इंग्रजीत या क्रियापदात असा मिसळला, की आज तो वेगळा काढता येत नाही. एका शब्दाचे म्हणून जे अर्थ मोजले जातात, ते मुळात दोन घराण्यांचे आहेत.

क्रियापद : मराठी माणसाला यातले बरेचसे अर्थ पाठ करावे लागू नयेत. अंगठीत हिरा बसवतात, निखळलेले हाड बसवतात. इंग्रजीत दोन्हीकडे ‘सेट’च. नाटक बसवणे, गणपती बसवणे हे आपले स्वतंत्र विस्तार. पातळ पदार्थ घट्ट होणे हा अर्थ जेली आणि सिमेंट दोघांना लागतो. साध्या पोर्टलँड सिमेंटचा प्रारंभिक ‘सेटिंग टाइम’ भारतीय मानकानुसार ३० मिनिटांपेक्षा कमी असून चालत नाही. सूर्य मावळतो तेव्हाही हेच क्रियापद.

खरी अडचण जोडशब्दांत येते. ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासाला निघणे, फटाका उडवणे आणि प्राप्तिकरात तोट्याची वजावट घेणे. ‘सेट असाइड’ त्याहून फसवे : घरखर्चातून पैसे असे ठेवले तर ते राखून ठेवले, न्यायालयाने निकाल असा ठेवला तर तो रद्दच झाला.

नाम : टेनिसमध्ये किमान सहा गेम, तेही सहसा दोनच्या आघाडीने, व्हॉलीबॉलमध्ये २५ गुण, पाचव्या सेटला १५. चित्रीकरणासाठी उभारलेला देखावा, दागिन्यांचा वा भांड्यांचा जोड, व्यायामातील आवर्तन. गणितात गेओर्ग कँटर यांच्या सिद्धान्तातून आलेली संकल्पना. आपल्या पाठ्यपुस्तकांत ती ‘संच’.

मराठीत : बोलीने यातले थोडेच उचलले आणि त्यात स्वतःची भर घातली. ‘मुलगा पुण्यात सेट झाला’ यात नोकरी, घर आणि बहुधा लग्नही आले. ‘सेटिंग’ला तर संगनमताचा वास आहे; ‘निविदेत सेटिंग झालं’ हे वाक्य इंग्रज माणसाला कळणार नाही. प्राध्यापकपदासाठीची ‘सेट’ परीक्षा या नोंदीत येत नाही. ती राज्य पात्रता परीक्षेच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरे आहेत.