दुसरी किल्ली

११ ऑगस्ट २०१८ हा महिन्यातला दुसरा शनिवार. बँकांना सुट्टी. त्या दिवशी अवघ्या काही तासांत पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या बनावट डेबिट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. परदेशात सुमारे बारा हजार व्यवहार, ७८ कोटी रुपये. भारतात सुमारे २,८०० व्यवहार, अडीच कोटी. भारतातली रक्कम ज्या शहरांतून निघाली, त्यांत आमचं कोल्हापूरही होतं. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय यंत्रणेतून आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

हे आकडे तेव्हा सगळ्यांनी वाचले. मी सर्व्हर सांभाळणारा माणूस असल्यामुळे मला मात्र एकच प्रश्न छळतो: एटीएमनं ‘हो’ का म्हटलं?

तुमच्या खात्यात किती पैसे आहेत हे एटीएमला माहीत नसतं. ते विचारतं. हा प्रश्न व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून तुमच्या बँकेच्या ‘स्विच’ नावाच्या सर्व्हरकडे येतो. स्विच तो कोअर बँकिंगला, म्हणजे बँकेच्या मुख्य खातेवहीला विचारतो आणि उत्तर परत पाठवतो. त्या उत्तरात दोन आकड्यांचा एक कोड असतो. दोन शून्यं आली, की नोटा बाहेर.

हल्लेखोरांनी बँकेच्या यंत्रणेत मालवेअर घुसवून एक खोटा स्विच उभा केला. कार्डांचे प्रश्न त्याच्याकडे वळले आणि तो परस्पर होकार देत राहिला. खातेवहीला कुणी विचारलंच नाही. म्हणून ठेवीदारांची खाती शाबूत राहिली आणि पैसे बँकेचे गेले. भिंत फोडण्यापेक्षा दारावरचा माणूस बदलणं त्यांना सोपं पडलं.

देशात सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली आला. कॉसमॉसची स्थापना १९०६ची. या बँकांच्या जुन्या शिस्तीत एक गोष्ट पक्की होती: एकट्या माणसावर काही सोडायचं नाही. तिजोरीला दोन किल्ल्या, एक कॅशियरकडे, एक शाखाधिकाऱ्याकडे. व्हाउचर एकानं लिहायचं, दुसऱ्यानं तपासून सही करायची. संध्याकाळी रोकड आणि कीर्द जुळल्याशिवाय घरी जायचं नाही. यात कुणावर अविश्वास नव्हता. माणूस चुकतो, कधी मोहात पडतो, हे गृहीत धरून केलेली ती सोय होती.

कॉम्प्युटर आले तेव्हा माणसांमधली ही शिस्त बरीचशी टिकली. यंत्रांमध्ये ती तितकी उतरली नाही. आतल्या नेटवर्कवरून आलं म्हणजे आपलंच, असं एक यंत्र दुसऱ्याबद्दल मानू लागलं.

आमच्या धंद्यात ज्याला ‘हार्डनिंग’ म्हणतात, ते माझ्या मते मुख्यतः ही दुसरी किल्ली परत आणणं आहे. ऑक्टोबर २०१८मध्ये अमेरिकी यंत्रणांनी अशाच स्विचवरच्या हल्ल्यांबद्दल ‘फास्टकॅश’ नावानं इशारा दिला. त्यांनी तपासलेल्या प्रकरणांत हल्ला झालेले स्विच सर्व्हर ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत होते, तिच्या त्या आवृत्त्यांना कंपनीचा आधार संपलेला होता. म्हणजे कुलूप बनवणाऱ्यानंच दुरुस्ती बंद केलेलं कुलूप.

उपायही त्यात होते आणि ते ऐकायला अगदी साधे आहेत. स्विचवर लॉगिन करायला नुसता पासवर्ड पुरू नये, दुसरा पुरावा लागावा. पैशांची यंत्रणा ऑफिसच्या ईमेलवाल्या नेटवर्कपासून तोडून वेगळी ठेवावी, म्हणजे एका क्लार्कनं चुकीची अटॅचमेंट उघडली तरी वाट तिजोरीपर्यंत जाऊ नये. प्रत्येक होकारावर बँकेची सांकेतिक सही असावी आणि ती तपासली जावी. यात मी दोन गोष्टी जोडेन. सर्व्हरवर नको असलेली प्रत्येक सेवा बंद करावी, कारण जे दार वापरात नाही त्याच्याकडे कुणाचं लक्षही नसतं. आणि लॉग दुसऱ्या मशीनवर साठवून स्विचनं दिलेले होकार खातेवहीतल्या नोंदींशी दर काही मिनिटांनी जुळवावेत. संध्याकाळचा ताळमेळ, फक्त सुट्टीच्या शनिवारीसुद्धा.

रिझर्व्ह बँकेनं १९ ऑक्टोबर २०१८ला नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट आणली. ३१ डिसेंबर २०१९ला तिच्या चार पातळ्या केल्या: बँकेचा डिजिटल पसारा जितका मोठा, तितके नियम कडक. नकल करायला सोपी असलेली मॅग्नेटिक पट्टीची कार्डं बदलून चिपची देण्याची मुदतही २०१८च्या अखेरीची होती.

नियम आले, पण कोल्हापूर-सांगलीकडच्या लहान बँकेत आयटी विभाग म्हणजे अनेकदा दोन-तीन माणसं. बाकी काम बाहेरच्या कंपनीकडे. जुलै २०२४मध्ये याचा दुसरा चेहरा दिसला. सी-एज या सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि एनपीसीआयनं तिला पेमेंट जाळ्यापासून तात्पुरतं तोडलं. सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय आणि एटीएम अडलं. गैरसोय झाली, पण आग एका खोलीत थांबली. कॉसमॉसच्या वेळी शनिवारी तोडणारा हात वेळेत पोचला नव्हता.

एप्रिल २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयानं कॉसमॉस प्रकरणात अकरा जणांना दोषी ठरवलं. बनावट कार्डं घेऊन पैसे काढणाऱ्या साखळीतली ही माणसं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटानं २०१९च्या अहवालात या चोरीमागे उत्तर कोरियाचा हात असल्याचं म्हटलं. तिथवर आपल्या पोलिसांचा हात पोचणं अवघड.

म्हणून मला चोर पकडण्यापेक्षा दार नीट लावण्यात जास्त रस आहे. तुम्ही एखाद्या पतसंस्थेचे सभासद असाल, तर वार्षिक सभेत लाभांशाच्या जोडीला एवढंच विचारा: सुट्टीच्या दिवशी आपल्या सर्व्हरचे लॉग कोण बघतं? आणि दुसरी किल्ली कुणाकडे असते?