आयसियस

साल्टिसिडी या उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुलातील एक प्रजाती. फ्रेंच कोळीतज्ज्ञ यूजीन सिमाँ यांनी ती १८७६ मध्ये स्थापन केली. तिची प्ररूप जाती आयसियस हॅमॅटस भूमध्य समुद्राच्या परिसरात आढळते. साल्टिसिडी हे कोळ्यांचे सर्वांत मोठे कुल असून त्यात सहा हजारांहून अधिक जाती आहेत.

हे कोळी भक्ष्यासाठी जाळे विणत नाहीत, नजरेच्या बळावर शिकार करतात. आठ डोळ्यांपैकी समोरचे मधले दोन मोठे असून त्यांना रंग आणि बारकावे दिसतात. डोळा जागचा हलत नाही, पण आतला दृष्टिपटल हलवून कोळी नजर फिरवतो. बाकीचे डोळे आजूबाजूची हालचाल टिपतात. शरीरातील द्रवाचा दाब वाढवून कोळी मागचे पाय झटक्यात सरळ करतो आणि झेप घेतो. त्याआधी धागा चिकटवलेला असतो, त्यामुळे नेम चुकला तरी तो त्यालाच लोंबकळतो.

महाराष्ट्राला जवळची जाती आयसियस तुकारामी. ठाणे-कल्याण परिसरातील या कोळ्याचे वर्णन ध्रुव प्रजापती, सोमनाथ कुंभार, जॉन केलेब, राजेश सानप आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच शोधनिबंधात फिन्टेला चोलकेई ही जातीही नव्याने नोंदली गेली. तुकारामी हे नाव सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवरील हल्ल्यात गिरगाव चौपाटीवर त्यांनी केवळ लाठीनिशी दहशतवादी अजमल कसाबची रायफल धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर झेलल्या. २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्यांचे केडंबे गाव साताऱ्याच्या जावळी तालुक्यात आहे. नामकरणातून झालेला हा गौरव अगदी उचित आहे. कारगिल युद्धातील कॅप्टन विक्रम बत्रा यांच्या नावाची आयसियस विक्रमबत्राई ही जातीही याच प्रजातीत आहे.

रायगड जिल्ह्यातील महाड-पोलादपूरच्या घरांत भिंतीवर माश्यांमागे धावणारा कोळी बहुधा मेनेमेरस किंवा प्लेक्सिपस प्रजातीचा असतो. आयसियस त्यांच्याहून लहान आणि सडपातळ. जातीची खात्री मात्र रंगावरून होत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली जननांगे तपासावी लागतात. हे कोळी माणसाला अपाय करत नाहीत. भिंतीवर दिसला तर त्याला झाडूने मारू नये. जवळून छायाचित्र काढून तारीख आणि ठिकाण लिहून ठेवावे, अभ्यासकाला त्याचा उपयोग होतो.