हूल आणि हिशेब

लक्ष्मीपूजनाच्या रात्री दिलसुखनगरातील आमच्या बहिणीच्या घरी तीन पत्तीचा डाव बसला होता. आमचा भाचा हाती हलकी पाने असता भारी असल्याची हूल देऊन बोली वाढवी. समोर एकटा गडी असता ही युक्ती फळली. तिघे बसताच खिसा रिकामा झाला. "मामा, नशीब फिरलं," असे तो म्हणाला. हा दोष नशिबाचा खरा काय, याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या प्रश्नाचा कायद्याच्या अंगाने निर्णय याच परिसरातील एका खटल्यात झाला आहे. सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबात रमी खेळणाऱ्यांवर भरलेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1967 साली न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी निवाडा दिला, की पडलेली पाने स्मरणात ठेवावी लागत असल्याने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ होय; तीन पत्ती मात्र निव्वळ नशिबाची.

गणितज्ञांचे मत निराळे. फॉन नॉयमन व मॉर्गेनस्टर्न यांनी 1944 च्या आपल्या ग्रंथात पोकरचा विचार करून दाखविले, की हूल हा शहाण्या खेळाचाच भाग आहे. जो कधीच हूल देत नाही, त्याने बोली वाढविताच इतर सावध होऊन पाने टाकतात.

तथापि हुलीलाही मर्यादा आहे. मध्ये 100 रुपये असता आपण 100 रुपयांची हूल दिली, तर नफ्यासाठी ती निम्म्याहून अधिक वेळा साधली पाहिजे. प्रत्येक प्रतिस्पर्धी दहांपैकी सात वेळा, इतरांकडे न पाहता, पाने टाकतो असे धरू. एकासमोर हूल शंभरांत 70 वेळा साधेल. दोघांसमोर 49, तिघांसमोर अवघी 34 वेळा. कारण सर्वांनीच माघार घ्यावी लागते. एक जरी टिकला तरी डाव फसला. तिघांसमोर नुसते बरोबरीत राहावयाचे, तरी प्रत्येकाने शंभरांत सुमारे 79 वेळा भ्यावे लागते.

म्हणून खेळ कौशल्याचा ठरला, एवढ्याने खेळणारा तरत नाही. तेलंगण राज्याने 2017 साली पैसे लावून खेळल्यास कौशल्याच्या खेळांनाही बंदी केली, हेही विसरू नये.

नलराजाने ऋतुपर्णाकडून अक्षहृदय शिकून गेलेले राज्य परत जिंकले, ही कथा भाच्यास ठाऊक होती व त्याने ती आम्हांस ऐकविली. आम्ही इतकेच म्हणालो, "बाबा, नलासमोर पुष्कर एकटाच बसला होता."