त्रासन खात्याचं कूळ

गिरणगावात जन्म गेलेल्या माणसाला खातं विचारावं. 'साचाखातं' म्हणाला तर विणकर, 'त्रासन' म्हणाला तर सूत काढणारा. आमचे आजोबा खालापूरचे. भातशेती चार महिन्यांची, बाकी सगळा काळ लालबागला, त्रासन खात्यात. नाव 'त्रासा'वरून पडलं, हे आमच्या घरातलं ठाम मत. नाकातोंडात कापसाचे तंतू, दमट उकाडा, तुटलेला धागा चिमटीत धरून सांधायचा आणि पुढच्या चातीकडे वळायचं. आजोबांच्या उजव्या तर्जनीला त्याचा घट्टा होता.

मला हे पटत नाही. त्रासावरूनच नाव द्यायचं तर पहिला मान कापूस पिंजणाऱ्यांचा. शिवाय अहमदाबादेत 1920 साली याच खात्यातल्या कामगारांनी युनियन काढली, तिचं नाव थ्रॉसल युनियन. मूळ शब्द हाच, लँकेशायरहून यंत्राबरोबर बोटीनं आलेला. 'थ्र' मराठी जिभेवर बसत नाही, 'त्र' चटकन बसतो. शेवटच्या 'ल'चा 'न' कसा झाला? निंबूचं लिंबू आणि नंबरचा लंबर करणाऱ्या तोंडांना उलटी अदलाबदल काय अवघड! ऐकताना त्रासाची आठवण होते म्हणून हे रूप टिकलं असणार, एवढं श्रेय घरच्या मताला देऊन टाकतो.

थ्रॉसल हा मुळात इंग्लंडातला गाणारा पक्षी. पावसाळ्यात खंडाळ्याच्या ओढ्यांवर शीळ घालणाऱ्या आपल्या कस्तुरालाही इंग्रज त्याच घराण्यात बसवत. चात्यांच्या घुमण्यावरून सूत कातणाऱ्या यंत्राला पक्ष्याचं नाव मिळालं. पण ते यंत्राचं दुसरं नाव. पहिलं होतं वॉटर फ्रेम, कारण रिचर्ड आर्कराइटनं 1771 साली डर्बीशरमधल्या क्रॉमफर्डला गिरणी काढली, तिथं ते पाणचक्कीवर फिरे. पुढे वाफ आली, यंत्रात सुधारणा झाल्या, आणि पाण्याशी काडीमोड झाल्यावर वॉटर फ्रेमचं थ्रॉसल झालं.

मुंबईत दावरांची पहिली कापडगिरणी 1856 साली सुरू झाली, तीही वाफेवर. 1883 च्या सुमारास नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी 'रिंग' नावाच्या नव्या तऱ्हेच्या चात्या चालवून पाहिल्या. हळूहळू सगळीकडे रिंगच आली आणि खरं थ्रॉसल भंगारात गेलं. खात्याचं नाव मात्र कुणी बदललं नाही.

याच जमशेटजींच्या मनात घाटमाथ्याचं पाणी होतं. 1904 मध्ये ते गेले, त्या पाण्यावर वीज काढणारी कंपनी 1910 ला उभी राहिली आणि 1915 साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं. लोणावळा, वळवण, शिरोता इथलं पाणी नळांतून पाचशे मीटरहून जास्त खाली कोसळून पेल्टन चाकांच्या वाट्यांवर आदळतं. त्यातून निघालेली वीज सुमारे सत्तर किलोमीटर तारांवरून मुंबईला गेली, ती मुख्यतः कापडगिरण्यांसाठी. म्हणजे वॉटर फ्रेमचं नातवंड पुन्हा पाण्यावर आलं, आणि तेही आमच्या खालापूर तालुक्यात!

जाणकार इथं हरकत घेतात: रिंग म्हणजे थ्रॉसल नव्हे, विजेची मोटर म्हणजे पाणचक्की नव्हे. पहिलं अर्धंच खरं. पीळ देण्याची तऱ्हा बदलली, पण वातीला ओढून बारीक करणाऱ्या रुळांच्या जोड्या आर्कराइटच्याच घराण्यातल्या. दुसऱ्याला माझं उत्तर खोपोलीचं चाक. पाण्याच्या माऱ्यानं फिरणाऱ्या चाकाला पाणचक्की म्हणायचं नाही, तर दुसरं काय म्हणायचं?

1922 मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं वीजघर आलं. पुढे 1982 चा संप झाला, गिरण्या बुडाल्या, त्रासन खाती मोडीत निघाली. पाण्याला त्याचं काय? खोपोलीतून सुटलेलं पाताळगंगेला मिळतं, भिवपुरीचं उल्हासकडे जातं, आणि वाटेत राजनाला कालव्यावर कर्जतची माणसं त्याच पाण्यावर उन्हाळी भात काढतात.