वाफेचा बंदोबस्त आणि धुराचा विसर : यवतमाळ जिल्ह्यातील घरगुती ज्वलनाच्या धोक्याचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
यवतमाळ जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासात बाष्पकाचे, म्हणजेच बॉयलरचे, स्थान महत्त्वाचे आहे. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, वणी येथील कापसाचे जिनिंग-प्रेसिंग वाफेच्या बळावर उभे राहिले. १९०३ मध्ये सुरू झालेल्या यवतमाळ-मूर्तिजापूर या अरुंदमापी लोहमार्गावर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन धावत होते. या बॉयलरांवर शासनाची नजर होती. परंतु याच काळात घराघरांत पाणी तापविणारे जे लहान 'बॉयलर' होते, त्यांचा इतिहास लिहिला गेला नाही. घरगुती ज्वलनातील धोका ओळखण्याची साधने कोणती होती आणि ती केव्हा निरुपयोगी झाली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

कायद्याची दृष्टी :
१९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्याने बॉयलरची नोंदणी, निरीक्षकाकडून तपासणी आणि प्रमाणपत्र बंधनकारक केले. २०२५ मध्ये त्याची जागा नव्या बॉयलर कायद्याने घेतली. दोन्ही कायद्यांचा गाभा एकच आहे : वाफेचा दाब. पत्रा फाटला तर माणसे मरतात, हा धोका डोळ्यांना दिसतो व कानांना ऐकू येतो. घरातील पाणी तापविण्याच्या साधनात दाबाखालील वाफ तयार होत नाही. म्हणून ते या कायद्याच्या कक्षेत आले नाही. मात्र तेथील धोका दाबाचा नसून अपुऱ्या ज्वलनाचा आहे.

खाणीतील ज्ञान :
या धोक्याचे शास्त्र प्रयोगशाळेत आणि कोळशाच्या खाणीत घडले. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटून ऑक्सिजनला जागा राहू देत नाही, हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लॉद बर्नार यांनी १८५७ मध्ये मांडले. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून त्याची लक्षणे नोंदविली. खाणीतील स्फोटानंतरचे बहुसंख्य मृत्यू भाजल्याने नव्हे तर या वायूने होतात, असा निष्कर्ष त्यांनी १८९६ मध्ये काढला. लहान पक्ष्यांवर या वायूचा परिणाम माणसाआधी दिसतो, म्हणून ते खाणीत नेण्याची प्रथा त्यांच्याच सूचनेतून रूढ झाली. आपल्या जिल्ह्यातील वणी परिसर हाही कोळशाचा प्रदेश आहे. तेथील खाणीत वायुवीजन व वायूची तपासणी हा नियमांचा भाग आहे. म्हणजे जे ज्ञान जिल्ह्यातील खाणकामगाराच्या रक्षणासाठी वापरले गेले, ते त्याच्याच घरातील न्हाणीघरापर्यंत पोहोचले नाही.

चूल, बंब आणि धूर :
तांब्याचा बंब हा विदर्भातील घरांचा खरा बॉयलर होय. मधोमध उभी नळी, तिच्याभोवती पाणी, खाली जाळी आणि राखेसाठी जागा, अशी त्याची रचना असते. जाळीखालून हवा आत येते व नळीतून धूर वर जातो. राख साचली की हवा अडते आणि धूर उलटतो. अशा वेळी डोळे चुरचुरतात, खोकला येतो आणि घरातील बाई राख ओढून काढते. हे एक प्रकारचे निदानच होते. बंब बहुधा परसात किंवा पडवीत असे आणि कवेलूंच्या छपरातून धुराला वाट मिळे.

अर्थात जुनी व्यवस्था निर्दोष होती असे म्हणता येणार नाही. चुलीच्या धुराने स्त्रियांची फुप्फुसे व डोळे खराब झाले. शेजारच्या वर्ध्यातील मगनवाडी येथे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या परंपरेतून धुराडे असलेली 'मगन चूल' पुढे आली. पुढे १९८० च्या दशकात केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबविला. धूर घराबाहेर काढणे हेच या प्रयत्नांचे सूत्र होते.

गॅस गिझर आणि फसवी स्वच्छता :
१८६८ मध्ये लंडनमध्ये बेंजामिन मॉन यांनी तात्काळ पाणी तापविणाऱ्या गिझरचे पेटंट घेतले. त्याला धुराडे नव्हते. आज आपल्या शहरांतील अनेक न्हाणीघरांत हीच उणीव दिसते. स्लॅबचे घर, लहान खोली, थंडीमुळे बंद केलेली खिडकी आणि आतच बसविलेला गिझर ही परिस्थिती घातक ठरते.

एक साधा हिशेब पाहू. एक किलो एलपीजी पूर्ण जळण्यास सुमारे १२ ते १३ घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. म्हणजे पंधरा मिनिटांच्या स्नानात सुमारे तीन घनमीटर हवेतील ऑक्सिजन खर्च होतो. सव्वा मीटर रुंद, पावणेदोन मीटर लांब व अडीच मीटर उंच न्हाणीघरात एकूण हवाच साडेपाच घनमीटरच्या आत असते. ऑक्सिजन थोडा घटताच ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो.

येथे नाकाचा विश्वास धोका देतो. सिलिंडरमधील गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. जळल्यानंतर निर्माण होणाऱ्या विषारी वायूला मात्र रंग वा वास नसतो. 'वास येत नाही, म्हणजे सर्व ठीक' हा समज म्हणूनच जीवघेणा आहे. ज्योत निळी न राहता पिवळी होणे, यंत्रावर काजळी धरणे, भिंतीवर अतिरिक्त ओल येणे ही बाह्य चिन्हे होत. पण निळी ज्योतही पूर्ण हमी देत नाही. घरातील अनेकांचे एकाच वेळी डोके दुखणे, मळमळणे आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटणे हे अधिक महत्त्वाचे लक्षण आहे. रुग्णालयात बोटाला लावण्याचे साधे ऑक्सिमीटर अशा रुग्णात ऑक्सिजनचे प्रमाण योग्य दाखवू शकते, कारण त्याला दोन्ही वायूंनी भारलेल्या हिमोग्लोबिनमधील फरक कळत नाही. म्हणून 'रुग्ण कोठे सापडला?' हा प्रश्न विचारणे अत्यावश्यक ठरते.

निष्कर्ष :
१) शासकीय नियमनाने दिसणाऱ्या स्फोटाची दखल घेतली, न दिसणाऱ्या वायूची दखल मुख्यतः खाणीपुरती राहिली.
२) धूर हा त्रास होता, तसाच तो इशाराही होता. इंधन स्वच्छ झाले, त्रास गेला आणि त्याबरोबर इशाराही गेला.
३) इंधन बदलले तरी बंबाचा नियम बदललेला नाही : खालून हवा यावी, वरून धूर जावा. गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या जागेत असणे, त्याची नियमित तपासणी होणे आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र बसविणे हेच त्याचे आजचे रूप होय.

महाविद्यालयांतील रसायनशास्त्र, गृहअर्थशास्त्र व इतिहास या विभागांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांच्या घरांतील न्हाणीघरांची पाहणी केली, तर ती स्थानिक इतिहासाची नोंद ठरेल आणि कदाचित एखादा जीवही वाचेल.