रीलमधली निळी रिबन ईल घरच्या टाकीत जगते का?

निळं अंग, पिवळी किनार आणि वाऱ्यावर फडफडणाऱ्या फितीसारखी चाल. रिबन ईलचा व्हिडिओ पाहिला की 'अशी एक घरी हवी' असं वाटतंच. पण समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब, नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनीत ती पाळता येईल का? थोडक्यात उत्तर: खाऱ्या पाण्याची टाकी उभी करता येईल, ही ईल जगवणं मात्र फार कठीण आहे.

रिबन ईल म्हणजे काय?

आपण ज्यांना वाम म्हणतो, तशा सापासारख्या लांबट माशांपैकी ही एक. हिंदी आणि प्रशांत महासागरात प्रवाळांजवळच्या वाळूत बीळ करून राहते. लहानपणी काळी, मोठा नर निळा आणि त्याचीच पुढे मादी झाली की पिवळी. एकाच माशाचा रंगही बदलतो आणि लिंगही!

अडचण कुठे येते?

खाण्यात. समुद्रात ती बिळातून डोकं काढून छोटे मासे पकडते. टाकीत आली की अनेकदा अन्नाला तोंडच लावत नाही आणि काही आठवड्यांत उपाशी मरते. त्यातही बाजारातल्या या ईल समुद्रातूनच पकडलेल्या असतात. म्हणजे एक मेली की तिच्या जागी समुद्रातून दुसरी येते.

पारशिवनीत टाकी ठेवायची तर?

मिठाच्या डब्यातलं मीठ चालत नाही. आरओच्या पाण्यात अ‍ॅक्वेरियमचं सागरी मीठ लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मिसळावं लागतं. ३०० लिटरच्या टाकीला साधारण १० ते ११ किलो. ईल आणण्याआधी टाकी चार ते सहा आठवडे चालवून अमोनिया शून्यावर आणावा लागतो.

पाणी २४ ते २७ अंशांत हवं. मे महिन्यात इथं पारा ४५च्या आसपास जातो. त्यामुळे पाणी थंड करणारा चिलर आणि वीज गेली तर बॅकअप, दोन्ही लागतात.

मग कोणती ईल निवडावी?

अनुभव असेल, तर स्नोफ्लेक मोरे. ती काटक असते आणि सहसा लवकर खायला लागते.

- दुकानदाराला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. खाल्लं नाही, तर घेऊ नका.
- झाकणाला फट ठेवू नका. ईल बाहेर निसटते.
- सोबत कोळंबी किंवा खेकडे ठेवू नका. ते तिचं खाद्य आहे.
- तांबं असलेली औषधं टाळा.

'फ्रेशवॉटर मोरे' घेतली तर?

या नावाने विकली जाणारी ईल बहुधा खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातली असते. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात तिचं वर्णन केलं होतं. साध्या गोड्या पाण्यात ती फार काळ तग धरत नाही.

आणि सांभाळणं जमलं नाही, तर कोणतीही ईल पेंच नदीत सोडू नका. दुकानदाराला किंवा अनुभवी मत्स्यपालकाला परत द्या.